सात घरचं पिल्लू

कुत्र्याच्या पिल्लाला वार लावून जेवू घालायची अक्कल ज्यानं काढली, तो आमच्या गावातला सगळ्यांत जास्त शिकलेला माणूस होता. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की अडाणी लोकांनी मुक्या जिवाचे हाल केले. अडाण्यांनी हाल केलेच, पण शिकलेल्याच्या सांगण्यावरून.

मार्तंड मास्तर त्याचं नाव. सोनईपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. शाळा दोन खोल्यांची, मास्तर एक. त्याचं घर आणि आमचा गोठा यांच्यामध्ये छातीइतकी एकच भिंत. मास्तर वाईट नव्हता, भित्रा होता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. भित्र्याशी कसं भांडायचं? तो आधीच माफी मागून बसलेला असतो.

मास्तर लहानपणी संगमनेरला वार लावून शिकला. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवड्याला सात घरं. सात घरची आमटी आणि सात बायकांची बोलणी खाऊन तो फायनल पास झाला, आणि पोट कायमचं गमावून बसला. हिंगाष्टकाची पुडी त्याच्या खिशात खडूच्या शेजारी असायची. फळ्यावर गणित लिहिताना तो ढेकर देई आणि पोरं ढेकर मोजत. तरी मास्तर अभिमानानं सांगायचा, "गहिनी, मी सात घरच्या अन्नावर वाढलो. काही झालं का मला?"

मी म्हणायचो, "न्हाई मास्तर, कुटं काय." आणि तो ढेकर द्यायचा.

लढाई चालू होती. साखर चिठ्ठीवर, घासलेट चिठ्ठीवर, तांदूळ तर आमच्यासारख्याला बघायलासुद्धा मिळत नव्हता. अशात दिवाळीनंतर मास्तरची बदली निघाली. कुठं, तर संगमनेरकडच्या अकोल्याच्याही पलीकडं, डोंगरातल्या एका वाडीत. मोटार अर्ध्या वाटेत थांबते, पुढं पायी चढायचं. मास्तरीण, दमयंतीबाई, सातव्या महिन्यात होत्या. लग्नाला बारा वर्षं झालेली, तीन वेळा पोट खाली झालेलं. हे चौथं.

माझी आई गोजरबाई गावातली बाळंतपणं करायची. तिनं दमयंतीबाईंच्या पोटाला हात लावून सांगून टाकलं होतं, "ह्या खेपंला बैलगाडी न्हाई, मोटार न्हाई, डोंगर तर न्हाईच न्हाई. हितं माझ्या हाताखाली बाळंत व्हायचं. हितनं हाललीस तर मी जिम्मा घ्यायची न्हाई."

त्यामुळं बदली रद्द होणं ही मास्तरच्या घरात लेकराच्या जिवाची गोष्ट होती. आणि ती कुणाच्या हातात? शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटीच्या.

डिपोटी नृसिंहराव कार्तिकात आला. वर कोट, खाली धोतर, पायात बूट आणि मांडीवर कुत्र्याचं पिल्लू. नगरच्या कँपातल्या कुणा गोऱ्या साहेबानं ते त्याला दिलेलं. दोन महिन्यांचं, तांबूस, कान लोंबते. नाव प्रिन्स. डिपोटीनं चौथीच्या पोरांना तेराचा पाढा विचारला, पण सगळा जीव पिल्लाच्या कानामागं. एकीकडं तेरा साते किती आणि दुसरीकडं "अले अले अले." पोरांना कळेना की उत्तर कुणाला द्यायचं. मास्तरनं तर साहेब आत येताना पिल्लालाही नमस्कार घातला. मी खिडकीतून बघितलं. खोटं सांगत नाही.

पिल्लू बैलगाडीचे हिसके खाऊन आलेलं. ते हजेरीच्या पुस्तकावर ओकलं. डिपोटीचा चेहरा उतरला. एखाद्या शाळेत पोरगं चक्कर येऊन पडलं असतं तर त्यानं पुढचं पान उलटलं असतं.

"मास्तर," तो म्हणाला, "मला पंधरा दिवस शेवगावकडं फिरती आहे. गाडीचा प्रवास याला झेपत नाही. तोवर प्रिन्स तुमच्याकडं राहील. हा दुधाचा डबा. चमचाभर पूड कोमट पाण्यात, दिवसातून चारदा."

"हो साहेब."

"आणि तुमच्या बदलीचं... येताना बघू."

एवढं बोलून तो गेला. येताना बघू! माझा बाप मेला तेव्हा तलाठीही वारसाच्या नोंदीला 'बघू' म्हणाला होता. सरकारी माणसाचे डोळे फार मोठे असणार, इतकं सगळं तो बघत असतो.

पिल्लाला मास्तरच्या ब्राह्मणी घरात जायची सोय नव्हती. ते आमच्या गोठ्यात राहिलं, भिंतीच्या अलीकडं. मास्तरनं विचार केला की चमचाभर पुडीनं पिल्लू जगेल, चार चमच्यांनी गुटगुटीत होईल, आणि गुटगुटीत पिल्लू बघून डिपोटी खूष होईल. पंधरा दिवसांचा डबा त्यानं चार दिवसांत संपवला. पिल्लाचं पोट तबल्यासारखं झालं आणि डबा रिकामा झाला. तसला डबा आख्ख्या नेवासा तालुक्यात मिळेना.

मास्तरची गाय आटत आलेली. ताकापुरतं दूध निघायचं. मग त्यानं चावडीवर चार माणसं गोळा केली आणि ती अक्कल काढली.

"वार लावू," मास्तर म्हणाला.

गावच्या पाटलानं, श्रीमंत त्याचं नाव, विचारलं, "कुनाला?"

"प्रिन्सला."

"मास्तर, मुंज तरी झालीया का त्याची?"

चावडी हसली. मास्तर हसला नाही. "थट्टा नको. एका घरावर भार पडणार नाही. सात घरं, सात दिवस. मी असाच वाढलो."

विष्णुपंत कुलकर्णी खाकरले. "माझी हरकत नाही. परंतु पाटलांच्या घरचं अभक्ष्य खाऊन ते माझ्या ओसरीवर येणार असेल तर..."

"आंघूळ घालून पाठवतो, पंत," पाटील म्हणाला.

"म्हणून मी पहिला वार घेतो. सोमवार. माझ्याकडून ते शुद्ध जाईल. पुढं तुम्ही काय घालाल ते तुमच्या माथी."

आता ही माणसं सरळ कुणाला पेलाभर पाणी द्यायची नाहीत. कुत्र्यासाठी इतका उमाळा का? पाटलाला शाळेची नवी खोली आपल्या पडीक वावरात हवी होती. विष्णुपंतांना भाच्याला मास्तरकी हवी होती. प्रत्येकाला डिपोटी हवा होता, आणि डिपोटीकडं जायची वाट पिल्लाच्या तोंडातून होती. म्हणून शिळा तुकडा कुणी घातला नाही. ज्यानं त्यानं आपल्या घरातलं उत्तमातलं उत्तम घातलं. शिळा तुकडा घातला असता तर पिल्लू सुखानं जगलं असतं.

रविवार मी घेतला. मला डिपोटीकडून काही नको होतं. पण सगळ्यांनी घेतला आणि आपण मागं, हे मला सोसलं नाही. मी काय घातलं तेही सांगणार आहे. लाज वाटते म्हणून वगळायचं, हे मला जमत नाही.

सोमवारी विष्णुपंतांकडं वरणभात, वर साजूक तुपाची धार आणि केळं. पिल्लू जेवून ओसरीवरच लवंडलं. पंत म्हणाले, सात्त्विक अन्नाचा गुण.

मंगळवारी पाटलानं बोकड पाडलं. रस्सा, चरबी आणि नळी. पिल्लानं वाटी चाटून इतकी लख्ख केली की पाटलीणबाईंनी ती तशीच फडताळात ठेवली, असं माझी बायको सांगते.

बुधवारी लंकाबाईचा वार. तिची म्हैस दोन दिवसांपूर्वी व्यालेली. तिनं चिकाचा खरवस केला, गूळ घालून, आणि पिल्लासमोर परात ठेवली. वाटी नव्हे, परात. "खा माझ्या राजा," म्हणाली, "सायबाला सांग, लंकाबाईनं हात आखडला न्हाई."

बुधवारी दुपारी पिल्लाचं पोट सुटलं.

पहिल्यांदा माझ्या वैरणीवर, मग गोठ्याच्या दारात, मग मास्तर बघायला आला तेव्हा त्याच्या वहाणेवर. मास्तर पांढरा पडला. कुणाही शहाण्या माणसानं इथं खाणं थांबवलं असतं. पण गुरुवारचा वार वाण्यानं घेतलेला आणि त्यानं शेव तळून ठेवलेली. त्याला नाही कसं म्हणायचं? लहानपणी वारावर जाणाऱ्या पोरानं एखाद्या घरी 'आज नको' म्हटलं की ते घर कायमचं तुटायचं. ती भीती मास्तरच्या हाडात मुरलेली. स्वतःचं पोट दुखत असताना त्यानं घास नाकारला नव्हता, तर पिल्लाला कुठून नाकारू देईल?

गुरुवारी शेव आणि बुंदी. शुक्रवारी तालमीतल्या वस्तादानं कच्ची अंडी आणि भिजवलेले बदाम. "अशक्तपणा हाय," वस्ताद म्हणाला, "दुसरं काय न्हाई. खुराक वाढवा." शनिवारी खुद्द मास्तर. त्याचा शनिवारचा उपास, म्हणून वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी.

शिवाय प्रत्येक घरानं खाण्याबरोबर औषधही दिलं. पंतांनी जायफळ उगाळून, पाटलानं सुंठ, लंकाबाईनं ओवा आणि मास्तरनं अर्थातच हिंगाष्टक. पिल्लाला शिंका यायला लागल्या. एकीकडून शिंक, दुसरीकडून ते. आणि प्रत्येक जण दोष दुसऱ्याच्या वाराला देई. पंत म्हणत, मांसानं झालं. पाटील म्हणे, तुपानं झालं. लंकाबाई तर पाटलाच्या दारात जाऊन म्हणाली, "माझा खरवस उतरला तवा त्ये नीट हुतं. तुमच्या नळीनं वाट करून ठिवली हुती."

मास्तरनं काय केलं? वही घातली. वार, घर, पदार्थ, शौचाची वेळ, रंग, प्रमाण, शेरा. शेऱ्यात 'समाधानकारक नाही'. तपासणीच्या वेळी कागद पुरा पाहिजे एवढंच त्याला ठाऊक. पिल्लू मेलं तरी वही जिवंत राहिली असती.

आणि रविवारी मी. ओल्या शेंगा नुकत्या उपटलेल्या. मी उकडून, सोलून, गुळाबरोबर कुटून दिल्या. सकाळी पिल्लानं त्यांचा नुसता वास घेतला. मी, एवढा दुसऱ्यांना मूर्ख म्हणणारा, त्याचं तोंड उघडून बोटानं घास आत सारला. माझ्या घरचं खाल्लं नाही असं व्हायला नको होतं मला.

दुपारी त्याच्या शौचात रक्त दिसलं. ते चारी पाय पसरून पडलं. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हतं.

मास्तर भिंतीवरून वाकला. "गहिनी, संपलं रे."

"आजून जित्तं हाय, मास्तर."

"नाही, माझं संपलं." तो तिथंच भिंतीवर हनुवटी टेकून रडायला लागला. "आता डोंगर. हिला घेऊन मी डोंगर कसा चढू?" मागं दमयंतीबाई ओसरीच्या पायरीवर पोट धरून बसलेल्या. रडत नव्हत्या. त्यांना रडू येत नव्हतं हेच वाईट होतं.

तेवढ्यात आई आली. भाचीच्या बाळंतपणासाठी ती आठ दिवस नेवाशाला गेली होती, म्हणून तर हा सगळा तमाशा होऊ शकला. डोक्यावर गठुडं, पाय धुळीनं भरलेले. तिनं पिल्लाकडं बघितलं, त्याच्या मानेवरची कातडी दोन बोटांत धरून वर ओढली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, खाली बसेना.

"ह्याच्यातलं पानी संपलंय," ती म्हणाली. "काय घातलं ह्याला?"

मास्तर डोळे पुसून वही घेऊन आला आणि खणखणीत वाचायला लागला. "सोमवार, वरणभात, तूप, केळं. मंगळवार, रस्सा, चरबी, नळी. बुधवार, खरवस, अंदाजे एक परात. गुरुवार..."

"थांबा. मास्तर, ह्ये पिल्लू हाय का पंगत?"

"मावशी, मी स्वतः सात घरी..."

"तुमचं पोट मला ठावं हाय. रोज सकाळी भिंतीपलीकडनं ऐकू येतंय." मग तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "आन् तू?"

मी सांगितलं. तिनं मला मारलं. सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला माणूस मी, आणि तिनं बायकोदेखत माझ्या पाठीत रपाटा घातला. बरोबर केलं.

"आरं, दोन महिन्याचं लेकरू त्ये. आईच्या दुधावरनं तोडलेलं. त्याला एक सोसंल का न्हाई ह्याची पंचाईत, आन् तुमी रोज नवं! सात घरच्या सात आया, आन् एकीलाबी ठावं न्हाई की कालच्या आईनं काय पाजलं."

"मग आता काय घालू?" मास्तरनं विचारलं.

"काय न्हाई."

"काहीच नाही?"

"कायच न्हाई. पोटाला इसावा द्या. तुमी लोक कुनाला इसावाच देत न्हाई."

त्या दिवशी आईनं पाणी उकळलं, निववलं, त्यात मिठाचा कण आणि गुळाचा खडा घातला. चिंधीची वात भिजवून पिल्लाच्या ओठात एकेक थेंब पिळायची. थोडं थांबायचं, परत एक थेंब. चमचाभर पाणी दिलं तर ओकून टाकतंय, म्हणून थेंब. जुन्या लुगड्यात गुंडाळून तिनं ते पोटाशी धरलं आणि उन्हाला पाठ करून बसली. उठलीच नाही. मास्तर दर घटकेला भिंतीवरून विचारी, "शौचाचा रंग कसा आहे, मावशी? लिहून ठेवतो." शेवटी आई म्हणाली, "मास्तर, आता विचारलंत तर वहीवरच ठिवीन त्याला."

सोमवारी सकाळी पिल्लानं वात चोखली. स्वतः होऊन.

"आता पेज," आई म्हणाली. "पर जुना तांदूळ पायजे. नवा चिकट असतोय, पोटाला बसत न्हाई." आणि ती भिंतीकडं गेली. "बाई, तुमच्याकडं हाय."

दमयंतीबाईंनी आत फडताळाकडं बघितलं. त्यांच्या आईनं दोन वर्षं जुना तांदूळ पाठवला होता. लढाईच्या दिवसांत कुठून कुठून जमवलेला, पायलीभर, डब्याला फडकं बांधून. बाळंतपणात पेजेला म्हणून.

"मावशी, तो माझ्या बाळंतपणाचा आहे."

"ठावं हाय मला, पोरी. तुजं बाळतपन आत्ता ह्याच्या पोटात अडाकलंय."

दमयंतीबाई आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. फडक्याची गाठ सुटेना, दातानं सोडली. मूठभर तांदूळ त्यांनी स्वतः निवडून, शिजवून, गाळून भिंतीवरून दिला. आणि दुसऱ्या दिवशी परत, सांगावं न लागता. तिसऱ्या दिवशी पेजेत त्यांच्या गाईचं पातळ ताक, लोणी काढलेलं, पळीभर. त्यांच्या घरात न घेतलेलं कुत्रं त्यांच्याच चुलीवर जगायला लागलं. मास्तरला यात काही तरी शास्त्राविरुद्ध आहे असं वाटत होतं, पण त्याला शास्त्रापेक्षा डोंगराचं भय जास्त.

खरी लढाई वेगळीच होती. त्याच सोमवारपासून पुन्हा वार सुरू झाले. विष्णुपंत वाटीत भात घेऊन आले. आई गोठ्याच्या दारात काठी आडवी धरून बसलेली.

"गोजरे, आज आमचा वार आहे."

"पंत, वाटी घिऊन म्होरं आलात तर नडगीवर बसंल."

"मी ब्राह्मण आहे!"

"म्हनून आदी सांगितलं."

मंगळवारी पाटील आला, मागं गडी, गड्याच्या हातात तपेलं. पाटील म्हणाला, "काकू, नुसता रस्सा हाय, वरचा वरचा."

"शिरमंत्या, तू जलमलास तवा तुझी नाळ मी कापली. आठवतं का?"

"कसं आठवंल, काकू?"

"मग मागं फीर, न्हाईतर आठवन करून दीन."

पाटील मागं फिरला. लंकाबाईला नुसतं बघूनच कळलं. तिनं परात डोक्यावर उलटी घेतली, ऊन लागतंय म्हणाली आणि सरळ पुढं निघून गेली. आठवडाभरात गावातले सगळे मानकरी त्या काठीपुढं येऊन परतले. चावडीवर ठराव झाला की गोजरबाई माजली. माझ्या आईबद्दल चावडीनं केलेला हा एकमेव खरा ठराव.

पाचव्या दिवशी पेजेत भाकरीचा पापुद्रा कुस्करला, नखाएवढा. सहाव्या दिवशी दोन नखं. आई म्हणायची, "नवं घालायचं तर चिमटीनं घालायचं, आन् जुनं चालू ठिवून घालायचं. उडी न्हाई मारायची." सातव्या दिवशी शौच घट्ट झालं आणि मास्तरनं वहीत लिहिलं, 'समाधानकारक'. आठव्या दिवशी पिल्लानं माझं पायताण खाल्लं. आईनं तेही हिसकून घेतलं. वारात नव्हतं म्हणाली.

पंधराचे वीस दिवस करून डिपोटी आला. दुपारची वेळ. मास्तरच्या ओसरीवर सतरंजी, समोर पाटील, पंत, मी. आई पिल्लाला घेऊन अंगणात. पिल्लानं डिपोटीला बघितलं आणि असं धावलं की दोनदा स्वतःच्याच कानांवर पाय देऊन पडलं. डिपोटीनं त्याला उचललं. त्यानं तोंड पिल्लाच्या मानेत खुपसलं. मला त्याचा राग धरून ठेवायचा होता, आणि त्या क्षणी नीट धरता येईना.

"रोडावलाय जरा," तो म्हणाला. "पण ठीक. मास्तर, तुम्ही माझं काम केलंत. तुमचा कागद मी आणलाय, आत्ता रद्द करून टाकू." त्यानं पिशवीत हात घातला. मास्तर सतरंजीवरून पुढं सरकला. पण कागदाच्या आधी पिशवीतून डबा निघाला. गोड, घट्ट दुधाचा, कँपातला. डिपोटीनं झाकण उघडलं. "आधी याला खाऊ."

"सायेब, नगा घालू," आई म्हणाली.

"ही बाई कोण?"

आणि उत्तर ऐकायला तो थांबला नाही. डिपोटीनं एक चमचा दिला. पिल्लानं गिळला. दुसरा दिला. तिसरा भरला.

आता हिशेब बघा. मास्तरनं गप्प बसायचं होतं. सही होऊन कागद हातात पडला असता. पिल्लू गाडीत बसून गेलं असतं आणि पुढं त्याचं काय व्हायचं ते दुसऱ्या गावात झालं असतं. मास्तर जन्मभर गप्प बसलेला माणूस. मी त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हतो.

मास्तर उठला आणि त्यानं डिपोटीच्या हातातून डबा काढून घेतला.

"नको, साहेब."

पाटलानं विडी विझवली. पंतांनी डोळे मिटले.

"मास्तर!" डिपोटी म्हणाला. "तुमच्या बदलीचा कागद माझ्याकडं आहे."

"आहे, साहेब. करा बदली. पण हे घालू नका. मी याला मारत आणला होता. सात दिवस सात घरचं घातलं, रक्त पडलं. या बाईनं वाचवलं. मला... मला लहानपणी कुणी असं 'नको घालू' म्हणालं असतं तर..." पुढं त्याला ढेकर आला आणि वाक्य राहिलं.

"रक्त पडलं? माझ्या प्रिन्सला? आणि हे मला आत्ता सांगता?" डिपोटी उभा राहिला. तोंडाला येईल ते बोलला. मास्तरला बेजबाबदार म्हणाला, गावाला रानटी म्हणाला, डोंगर काय, तुम्हाला घरी बसवतो म्हणाला. मास्तर डबा छातीशी धरून उभा. सोडला नाही. दारामागं दमयंतीबाईंच्या बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला.

डिपोटीचं भाषण बरंच चाललं. ते संपण्याआधी पिल्लाचं उत्तर आलं. कोटाच्या बाहीपासून धोतराच्या सोग्यापर्यंत. पातळ.

डिपोटीनं दोन्ही हातांनी पिल्लू समोर धरलं. धोतराकडं त्यानं बघितलंही नाही. पिल्लाकडं बघितलं. "काय झालं याला?" आवाज अगदीच वेगळा. "अहो बाई, काय झालं?"

"काय व्हायचं? तुमचा वार झाला." आईनं पिल्लू त्याच्या हातून घेतलं. "दोन चमचं पोटात गेलं म्हनून आजच्या दिसात निभंल. आख्खा डबा गेला असता तर तुमी गाडीत मढं घिऊन गेला असता."

"मग... मी याला कधी नेऊ?"

"सव्वा महिना हलवायचं न्हाई." बाळंतिणीला सांगते त्याच आवाजात ती सांगत होती. "ह्याला जुन्या तांदळाची पेज आन् मास्तरीनबाईच्या गायीचं ताक मानवलंय. त्येच पायजे. दुसऱ्या घरचं ताक न्हाई, दुसऱ्या गावचं पानी न्हाई."

"मग राहू दे इथं. ताक चालू ठेवा."

"कशी ठिवू? मास्तर चालला डोंगरात. बाई चालली, गाय चालली."

डिपोटीनं अंगणात एक फेरी मारली. अंगाला वास मारत होता, समोर त्याच्या हाताखालचा माणूस त्याचाच डबा धरून उभा होता, आणि पिल्लू आईच्या पदरात कण्हत होतं. त्याला मास्तरची बायको दिसली नाही, तिचं पोट दिसलं नाही. ते दिसायला त्याला कुत्र्याचं पोट लागलं. एवढं मी त्याला कधी माफ करणार नाही. पण त्यानं दौत मागितली.

"सव्वा महिना पुरेल?" त्यानं आईला विचारलं.

आईनं दाराकडं बघितलं. बोटांवर काहीतरी मोजलं. "त्याच्यावर बारा दिस ठिवा. बारसं... आपलं, ताकद यायला."

डिपोटीनं कागदावर लिहिलं, बदली तूर्त तहकूब, सत्र संपल्यावर विचार व्हावा. सही केली. मग मास्तरच्या धुतलेल्या धोतरात, कोट पिशवीत कोंबून, तो गाडीत बसला. गाडी वळेपर्यंत मागं बघत होता. पाटलानं त्याला नव्या खोलीचं विचारलं, ते त्याला ऐकूसुद्धा आलं नाही.

मास्तर ओसरीवर बसला. डबा अजून हातात. दमयंतीबाई बाहेर आल्या, त्यांनी कागद उचलला आणि वाचला. मग परत वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना रडू फुटलं, बारा वर्षांचं एकदम, आणि मास्तर गोंधळून त्यांना हिंगाष्टकाची पुडी द्यायला लागला.

आईनं पिल्लाचं बूड चिंधीनं पुसलं. "रडून घ्या, बाई, चांगलं असतंय. पर वाईच मीठ-गूळ घालून पानी उकळायला ठिवा. ह्याला आता उद्यापतूर दुसरं कायबी न्हाई."